आठ तासांचं मटण

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आपल्या घरातला कुकर बोलका असतो. तीन शिट्ट्या झाल्या की वरण, पाच झाल्या की छोले, आणि शिट्टी झालीच नाही तर रिंग खराब. २०१६ च्या डिसेंबरात मी मुलाकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेला गेले, तेव्हा सूनबाईच्या ओट्यावर एक वेगळाच कुकर बघितला. शिट्टी नाही, वाफ नाही, आवाज नाही. आत चिनीमातीचं जाड, लंबगोल भांडं, वर काचेचं झाकण, पुढे एकच बटण. ती इस्पितळात नर्स आहे. सकाळी साडेसहाला तिनं त्यात डुकराच्या खांद्याचं अख्खं मटण ठेवलं, वरून काहीबाही ओतलं, बटण फिरवलं आणि ‘आई, झाकण मात्र उघडू नका’ असं बजावून निघून गेली.

मी वसईची. आमच्या ख्रिस्ती घरांत लग्न असो की नाताळ, डुकराच्या मटणाशिवाय भागत नाही. त्यामुळे मटणाचं मला काही नव्हतं. पण आगीजवळ माणूस नसताना मटण शिजतं, हे काही मनाला पटेना. दहा वाजता हात लावून बघितला, भांडं कोमट. बाराला गरम. झाकण उघडलं नाही, पण तीनदा वाकून बघितलं. संध्याकाळी सूनबाईनं दोन काटे घेतले आणि ते मटण कापूस पिंजावा तसं पिंजलं. हाड नुसतं हातात उचलून आलं. वास मात्र अमेरिकेचा नव्हता. त्यात गवती चहा होता, चक्रीफूल होतं, आणि सुक्या मासळीच्या बाजारातून चालताना येतो तसा, पण सौम्य, असा काहीतरी दर्प होता. मी विचारलं, तर म्हणाली, ‘व्हिएतनामी पद्धतीचं आहे. म्हणजे, तसं म्हणायचं.’

इतिहास शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. ‘तसं म्हणायचं’ असं कुणी म्हटलं की मला स्वस्थ बसवत नाही. त्या तीन महिन्यांत वाचनालयातून पुस्तकं आणून आणि शेजारणीशी बोलून मी या एका भांड्याच्या मागे लागले. डुकराचं नाव काढताच काही वाचक पान उलटतील, हे मला ठाऊक आहे. पण थोडं थांबा. कारण हे भांडं ज्यांच्या घरातून निघालं, ते लोक डुकराला शिवतसुद्धा नाहीत.

ते लोक म्हणजे ज्यू. आपल्याला ज्यू फार लांबचे वाटतात, पण ते आपल्या कोकणात शतकानुशतकं राहिलेले आहेत. अलिबागकडच्या बेने इस्राएलांना आजूबाजूचे लोक ‘शनवार तेली’ म्हणत. धंदा तेलाच्या घाण्याचा, पण शनिवारी घाणा बंद. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ. त्या काळात काम नाही, आणि चूल पेटवणं हे कामच. मग शनिवारी दुपारी गरम जेवायचं कसं? उपाय असा की शुक्रवारी दिवस असतानाच भांडं चढवायचं आणि उरलेल्या उष्णतेवर ते रात्रभर शिजू द्यायचं. मिश्ना नावाच्या त्यांच्या जुन्या धर्मग्रंथात शब्बाथसाठी गरम भांडं कशात गुंडाळून ठेवावं आणि कशात ठेवू नये, यावर चक्क एक प्रकरण आहे. माणसाला गरम जेवणाची ओढ किती जुनी आहे बघा.

पूर्व युरोपातले ज्यू अशा भांड्यात शेंगादाणे, म्हणजे आपले कडधान्याचे दाणे, जव, बटाटे आणि थोडं गोमांस घालत. त्या पदार्थाला ते चोलंट म्हणतात. लहान गावांत प्रत्येकाच्या घरी मोठी भट्टी कुठली असायला? शुक्रवारी संध्याकाळी घरोघरची भांडी पाववाल्याच्या भट्टीत जात. भट्टी विझत आलेली असे, पण तिच्या विटा रात्रभर तापलेल्या राहत. लिथुआनियात विल्ना शहराजवळच्या एका वस्तीतली तमारा नावाची मुलगी अशीच आपल्या आईनं दिलेलं भांडं घेऊन पाववाल्याकडे जायची. पुढे ती अमेरिकेत आली, लग्न झालं, आणि १९०२ मध्ये न्यू जर्सीत तिला मुलगा झाला. त्याचं नाव आयर्व्हिंग नाखुमसोन. आडनाव अमेरिकनांच्या जिभेवर बसेना म्हणा, किंवा महायुद्धाच्या काळात जर्मन वाटणारं नाव नको म्हणा, त्यानं पुढे ते नॅक्सन असं करून घेतलं.

हा नॅक्सन इंजिनिअर. जन्मभर काही ना काही शोधून काढत राहिला, त्याच्या नावावर दोनशेच्या आसपास पेटंट आहेत. आईची गोष्ट ऐकून त्याच्या डोक्यात आलं की पाववाल्याची विझती भट्टी विजेवर बनवता येईल. भांड्याच्या खाली जाळ लावण्याऐवजी त्यानं तापणारी तार भांड्याच्या भोवती गुंडाळली, म्हणजे तळाला लागायला नको आणि सगळीकडून सारखी ऊब. १९३६ मध्ये त्यानं अर्ज केला आणि २३ जानेवारी १९४० ला पेटंट मिळालं.

ही तारीख मी वहीत लिहिली आणि बराच वेळ त्या पानापाशीच बसून राहिले. १९४१ च्या जूनमध्ये जर्मन फौजा विल्नात शिरल्या. पुढच्या तीन वर्षांत तिथले बहुतेक ज्यू मारले गेले, त्यांतले फार मोठ्या संख्येनं शहराबाहेरच्या पोनारीच्या जंगलात गोळ्या घालून. ज्या गल्ल्यांतून शुक्रवारी संध्याकाळी भांडी घेऊन मुलं जात होती त्या गल्ल्या रिकाम्या झाल्या. त्या पाववाल्यांच्या भट्टीचं तंत्र तेवढं अमेरिकेच्या पेटंट कचेरीत एका कागदावर उतरलेलं होतं.

नॅक्सननं हे भांडं ‘नॅक्सन बीनरी’ या नावानं विकलं, पण फारसं कुणी विचारलं नाही. छोट्या खाणावळींत बीन्स शिजवायला ते चालायचं, इतकंच. १९७० मध्ये त्यानं आपला धंदा कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीला विकला. तिथल्या लोकांनी त्याला नवा चेहरा दिला, ‘क्रॉक-पॉट’ असं सोपं नाव दिलं, पाककृतींची पुस्तिका दिली आणि १९७१ मध्ये शिकागोच्या गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात ते मांडलं. आणि मग जे झालं त्याला आमच्याकडे ‘उठाव आला’ म्हणतात. १९७१ मध्ये वीस लाख डॉलरची विक्री, १९७५ मध्ये नऊ कोटी तीस लाखांची. भांडं तेच होतं, बायका बदलल्या होत्या. अमेरिकेत लाखो बायका नोकरीला बाहेर पडत होत्या. १९७३ मध्ये मटणाचे भाव इतके चढले की गृहिणींनी मटणावर बहिष्कार घातला, त्याच वर्षी तेलाचं संकट आलं. स्वस्तातलं चिवट मटण, थोडी वीज आणि घरात कुणी नसणं, या तिन्ही गोष्टी या भांड्याला मानवणाऱ्या. १९७५ मध्ये मेबल हॉफमन या बाईंचं स्लो कुकरच्या पाककृतींचं पुस्तक आलं आणि लाखांनी खपलं.

१९७५. हे साल लक्षात ठेवा, पुन्हा तिथे यायचं आहे.

आधी मटणाचं सांगते. डुकराच्या खांद्याला अमेरिकन खाटीक एक विचित्र नाव देतात, ते सोडून देऊ. खांदा म्हणजे सतत राबणारा स्नायू. त्यात चिवट पडदे भरपूर, म्हणून तो स्वस्त. या पडद्यांतलं कोलॅजन नावाचं प्रथिन साधारण ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, आणि मग मटण धाग्याधाग्यानं सुटतं. घाई केली तर आतलं पाणी निघून जातं आणि हाती दोरखंड येतो. अमेरिकेच्या दक्षिणेत हे ज्ञान पुस्तकातून आलेलं नाही. १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतो हा स्पॅनिश सरदार फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर डुकरं घेऊन उतरला, तेव्हापासून डुक्कर त्या भूमीत वाढलं. खड्ड्यात निखारे घालून त्यावर रात्रभर अख्खं जनावर भाजण्याची रीत कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांकडून आली, आणि ती प्रत्यक्षात निभावली आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी. मेजवानी मालकाची, रात्रभर निखाऱ्यांशी जागणं गुलामाचं. नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व भागात आजही असं पिंजलेलं मटण नुसत्या व्हिनेगर आणि मिरचीबरोबर खातात. मी ते चाखलं आणि दचकले. व्हिनेगर आणि मिरची! हे तर आमच्या इंद्यालचं दूरचं भावंड.

इंद्याल म्हणजे तुमच्या हॉटेलांतलं विंदालू. पोर्तुगीज खलाशी दारू किंवा सिरक्यात लसूण घालून त्यात मटण टिकवत. त्यालाच ‘विन्या द आल्यूश’ म्हणत. १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत वसईवर पोर्तुगीजांचा अंमल. दोनशे वर्षांत त्या शब्दाचं घासून घासून इंद्याल झालं आणि त्यात आमचा मसाला शिरला. (हॉटेलवाले त्यात बटाटे घालतात ते ‘आलू’ या शब्दाला फसून. ती चूक तुम्ही करू नका.)

आता शेजारीण. सॅन होजेमध्ये व्हिएतनामी लोक इतके आहेत की काही रस्त्यांवर दुकानाच्या पाट्यांपासून दवाखान्याच्या पाट्यांपर्यंत सगळं त्यांच्या भाषेत. शेजारच्या घरात राहणाऱ्या आजीबाईंनी कुंपणापलीकडून मला विचारलेला पहिला प्रश्न ‘तुमचं वय काय?’ असा होता. मला जरा राग आला. नंतर कळलं, व्हिएतनामी भाषेत वय कळल्याशिवाय ‘तू’ किंवा ‘मी’ म्हणताच येत नाही. सगळी नाती. मी चौसष्ट, त्या सहासष्ट. म्हणजे त्या माझ्या ‘ची’, थोरली बहीण, आणि मी त्यांची ‘एम’, धाकटी. एकदा हे ठरलं आणि आमचं जमलं. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे अधिकच जमलं.

त्यांच्या भिंतीवरची दिनदर्शिका मला वाचता येत होती आणि एक अक्षरही कळत नव्हतं, कारण लिपी रोमन. ती लिपी रूढ होण्यात ज्याचा मोठा हात मानतात तो अलेक्झांद्र द रोद हा जेझुइट पाद्री. त्याच्या आधीच्या पोर्तुगीज पाद्र्यांनी सुरू केलेलं काम त्यानं पुढे नेलं आणि १६५१ मध्ये रोममध्ये व्हिएतनामी, पोर्तुगीज, लॅटिन असा शब्दकोश छापला. हा द रोद व्हिएतनामला पोचण्याआधी १६१९ मध्ये आपल्या गोव्यात उतरला होता आणि काही काळ तिथे राहिला होता. त्याच्या तीनच वर्षं आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ राचोलला छापलं गेलं होतं, अस्सल मराठी ओव्या आणि अक्षरं रोमन. आपण पुढे देवनागरीवरच राहिलो. व्हिएतनामनं ती रोमन लिपी फ्रेंचांच्या काळात आपलीशी केली. असो, मी मटणाकडे येते.

सूनबाईचं पिंजलेलं मटण मी एका वाडग्यात घालून चीकडे नेलं. त्यांनी चाखलं, मान डोलावली आणि विचारलं, ‘चव आहे. पण तुकडा कुठे आहे?’

त्यांच्या डोळ्यांपुढे होतं ते ‘थित खो’. दक्षिण व्हिएतनाममध्ये तेतच्या, म्हणजे चांद्र नववर्षाच्या दिवसांत हे घरोघरी असतं. डुकराच्या पोटाचे चांगले मोठे चौकोनी तुकडे, उकडलेली अख्खी अंडी, आणि रस्सा शहाळ्याच्या पाण्याचा. हे ऐकून मी हसलेच. आम्ही शहाळं आजाऱ्याला पाजतो, तुम्ही डुकराला पाजता! पण मेकाँग नदीच्या मुखाशी बेन त्रेसारखा सगळा मुलूख नारळाचा, तिथे पाणी म्हणजेच शहाळं. तेतच्या दिवसांत बाजार बंद. मोठं भांडं आधीच करून ठेवायचं आणि रोज गरम करून खायचं, रोज रंग गडद होत जातो आणि चव वाढत जाते. सोबत आंबवलेले मुगाचे मोड. तुकडा चौकोनी आणि अंडं गोल, कारण धरती चौकोनी आणि आभाळ गोल, असं चीनं हातांनी दाखवलं. तुकडा पिंजला म्हणजे धरतीच विस्कटली.

२०१७ मध्ये तेत २८ जानेवारीला होता. आदल्या दिवशी त्यांनी मला करताना बघायला बोलावलं. पहिलं काम साखर जाळण्याचं. कोरड्या कढईत साखर, मंद आच, आणि नजर हलवायची नाही. सोनेरी, तांबूस, मग जुन्या सागवानाच्या रंगाची झाली की लगेच शहाळ्याचं पाणी. क्षणभर उशीर झाला की कडू जहर. याला ‘नुओक माउ’, म्हणजे रंगाचं पाणी म्हणतात. नाताळच्या केकसाठी साखर जाळताना माझी आई मला चुलीजवळून हाकलायची ते आठवलं. आणि दुसरं म्हणजे ‘नुओक माम’, मासळीचं पाणी. सूनबाईच्या मटणातला तो दर्प याचाच.

हे कसं करतात ते कोळीवाड्यातल्या वाचकांना लगेच कळेल. फू क्वोक बेटावर आपल्या मांदेलीच्या कुळातली बारीक मासळी होडीवरच मिठात घालतात, साधारण तीन भाग मासळी, एक भाग मीठ. मग माणसाच्या उंचीहून मोठ्या लाकडी पिंपांत ती वर्षभर मुरते. मासळीचं स्वतःचं पाणी तिला विरघळवतं आणि तळाच्या तोटीतून लालसर तांबूस, पारदर्शक द्रव ठिबकतो. पहिल्या धारेचा सगळ्यात महाग. २०१२ मध्ये युरोपीय संघानं फू क्वोकच्या नुओक मामला त्या जागेचं नाव राखून दिलं, म्हणजे आपल्याकडे हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तसं.

ही बाटली दाखवता दाखवता ची बोलू लागल्या. त्या एरवी मागचं बोलत नसत.

३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं. त्या वर्षी सव्वा लाखाहून अधिक व्हिएतनामी अमेरिकेत आले. कॅलिफोर्नियात कॅम्प पेंडलटन या लष्करी तळावर त्यांच्यासाठी तंबू ठोकले गेले. अमेरिकन बायका क्रॉक-पॉटसाठी दुकानांत रांगा लावत होत्या, त्याच उन्हाळ्यात. चीचं कुटुंब त्या पहिल्या लोंढ्यात नव्हतं. तिचा नवरा जुन्या सरकारच्या कचेरीत कारकून होता, त्याला पकडून ‘पुनर्शिक्षणा’च्या छावणीत नेलं. तो परतल्यावर १९७९ मध्ये ती दोघं दोन वर्षांच्या मुलीला घेऊन मच्छीमार होडीतून निघाली. मलेशियाजवळ पुलाऊ बिडाँग या बेटावर ती पोचली. चौरस किलोमीटरभराचं बेट, आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये तिथे चाळीस हजार माणसं. १९७५ नंतरच्या वीस वर्षांत सुमारे आठ लाख व्हिएतनामी अशा होड्यांतून परक्या किनाऱ्यांवर पोचले. न पोचलेल्यांची गणती कुणाजवळ नाही. होडीतल्या दिवसांबद्दल ची एवढंच म्हणाली, ‘पाणी खूप होतं, प्यायला नव्हतं.’ आणि अंडी सोलू लागली.

तिची आई मागे राहिली. अमेरिकेतल्या पहिल्या तेतला चीनं थित खो करायला घेतलं, तर नुओक माम नाही. सोया सॉसमध्ये मीठ घालून केलं. नवऱ्यानं खाल्लं आणि काहीच बोलला नाही. पुढे चिनी दुकानांत बाटल्या मिळू लागल्या. लेबलवर मोठ्या अक्षरांत फू क्वोक, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत थायलंडमध्ये तयार केलेलं. याचं कारण अमेरिकेनं व्हिएतनामशी व्यापारच बंद केलेला. ती बंदी ३ फेब्रुवारी १९९४ ला उठली. म्हणजे एकोणीस वर्षं या माणसांनी आपल्या बेटाचं नाव असलेली दुसऱ्या देशाची बाटली विकत घेतली, आणि ती तशी आहे हे ठाऊक असून घेतली. चीची आई १९८८ मध्ये गेली. पत्र चार महिन्यांनी आलं.

अशा निर्वासितांतलाच एक डेव्हिड ट्रान. १९७८ च्या डिसेंबरात ‘ह्युई फाँग’ नावाच्या मालवाहू जहाजातून तीन हजार तीनशेहून अधिक माणसांबरोबर तो निघाला. १९८० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मिरचीचा सॉस विकायला सुरुवात केली तेव्हा त्यानं कंपनीला त्या जहाजाचंच नाव दिलं. कोंबड्याचं चित्र असलेली ती लाल बाटली आज अमेरिकेत कुठल्याही घरात दिसते. सूनबाईच्या पिंजलेल्या मटणावरही तीच. खाणाऱ्यांपैकी कितीजणांना जहाज ठाऊक असेल?

आणि हे मटण भरतात तो पाव? १८५९ मध्ये फ्रेंचांनी सायगाव घेतलं तेव्हा लांब पाव त्यांच्याबरोबर आला. आमच्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला तसाच. पण फ्रेंच साहेब पाव वेगळा आणि मटण वेगळं खात. ते एकमेकांत घालून हातात धरून खाण्याची ‘बान मी’ची रीत रुजली १९५४ नंतर. देशाची फाळणी होऊन उत्तरेतून आठ-दहा लाख माणसं दक्षिणेला आली होती. त्यांच्यातल्याच एका जोडप्यानं १९५८ मध्ये सायगावात ‘होआ मा’ नावाचं दुकान काढलं आणि कामावर जाणाऱ्यांना पावात भरून द्यायला सुरुवात केली. मुंबईच्या माणसाला हे जास्त समजावून सांगायला नको.

चीचा नातू, वय वर्षं अकरा, सूनबाईचं पिंजलेलं मटण पावात घालून, वर मुळा आणि गाजराचं आंबट-गोड लोणचं घालून खायचा आणि म्हणायचा, ‘आजीच्या मटणासारखं लागतं.’ ची माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची. तिला ते पटत नव्हतं आणि मोडायचंही नव्हतं. पण एकदा पाहिलं, तिनं वाडग्याच्या तळाशी उरलेला रस्सा बोटानं पुसून चाखला आणि म्हणाली, ‘साखर जाळली असती तर.’

मी सूनबाईला तिच्या पाककृतीत तेवढा बदल करायला लावला. वाचकांतल्या खाणाऱ्यांसाठी सांगते. दीड किलो खांदा, हाडासकट. अर्धी वाटी साखर जाळून त्यात एक वाटी शहाळ्याचं पाणी. चार मोठे चमचे नुओक माम (आपल्याकडे मोठ्या दुकानांत फिश सॉस म्हणून मिळतं), एक गड्डी लसूण, बोटभर आलं, गवती चहाचे तीन-चार पांढरे बुंधे ठेचून, दोन चक्रीफुलं, सुक्या मिरच्या आवडीप्रमाणे. मीठ घालू नका, मासळीत आहे. पाणी वाढवू नका, मटण स्वतःचं पाणी सोडतं आणि झाकण ते बाहेर जाऊ देत नाही. मंद आचेवर आठ तास. झाकण एकदा उघडलं की अर्ध्या तासाची ऊब गेली समजा. शेवटी मटण पिंजून, रस्सा कढईत आटवून त्यात परतायचं आणि लिंबू पिळायचं. आणि एक धोक्याची सूचना, मटणाशी संबंध नसलेली. या भांड्यात राजमा थेट टाकू नका. कच्च्या राजम्यातलं विषारी द्रव्य एवढ्या आचेवर मरत नाही, तो आधी दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो.

आईला मी इंद्यालचं माप कधी विचारलं नाही. ती मातीच्या मडक्यात, बाहेरच्या चुलीवर करायची, आणि मी परीक्षेचे पेपर तपासत बसलेली असायचे. ‘ये, बघ तरी,’ म्हणायची. सुट्टीत बघू, असं माझं ठरलेलं उत्तर. ती गेली त्या वर्षीच्या नाताळात मी अंदाजानं केलं. वाईट झालं नव्हतं. सगळ्यांनी खाल्लं. चीच्या नवऱ्यासारखंच कुणी काही बोललं नाही.

तिकडचा स्लो कुकर आणता येईना, तिकडची वीज १२० व्होल्टची. इथे परतल्यावर मी आपल्या विजेवर चालणारा घेतला. २०१८ च्या पावसाळ्यात एका रविवारी चीचं मटण लावलं. सकाळी सात वाजता बटण फिरवलं आणि प्रार्थनेला गेले. साडेअकराला परतले तर घरात अंधार. कुठेतरी झाड पडलं होतं, शेजारी म्हणाले, आत्ताच गेली. आठ तासांतले साडेचार झाले होते. झाकण न उघडता हात लावला. भांडं चांगलं कढत होतं. मग मी कपाटातून आईची जुनी गोधडी काढली, भांडं तिच्यात घट्ट गुंडाळलं, वर एक उशी ठेवली आणि मिश्नातलं ते प्रकरण आठवत वीज मंडळाच्या नावानं बोटं न मोडता बसून राहिले. एक वाजता वीज आली. गोधडी सोडली तर काचेवर वाफेचे थेंब तसेच होते. पुन्हा बटण फिरवलं, आणि वर एक तास जास्तीचा दिला.

संध्याकाळी हाड हातात उचलून आलं. मुलाला फोन लावला, त्यानं फोन कुंपणापलीकडे नेला. त्यांच्याकडे सकाळ होती. चीला मी पडद्यावर भांडं दाखवलं, रंग दाखवला. तिनं चष्मा लावून नीट बघितलं.

‘अंडी घातलीस?’ तिनं विचारलं.

‘नाही, ची. विसरले.’

‘मग उद्या घाल,’ ती म्हणाली. ‘दुसऱ्या दिवशी जास्त लागतं.’